विमानानं वीस मिनिटं

कोणी नांदेडचं नाव काढलं की आमचे भूगोलाचे सर खुर्चीतून उठायचे. स्टाफरूममधल्या नकाशावर लातूरला त्यांनी एक टाचणी टोचून ठेवली होती आणि तिला दोरा बांधला होता. तो नांदेडपर्यंत ताणायचा, पट्टीवर धरायचा आणि म्हणायचं, "सरळ रेषेत एकशे पंधरा किलोमीटर. विमानानं वीस मिनिटं."

मी गणिताचा. मला असला हिशेब खपत नाही. "पण सर, लातूर-नांदेड विमान आहे कुठं?"

"विमान न्हाई हा विमानाचा दोष हाय. अंतराचा न्हाई."

तुमच्याही ऑफिसात असा एक जण असेलच.

त्यांच्या एकुलत्या एक लेकीला दोन स्थळं आली, एक औशाचं आणि एक नांदेडचं. लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून वहिनींना औसा हवं होतं. सरांना नांदेडचा मुलगा पसंत. त्यांनी घरी ॲटलास उघडला, दोरा लावला. "औसा एसटीनं अर्धा तास. नांदेड विमानानं वीस मिनिटं. मग जवळ कोणतं?" वहिनींना हसू आलं, आणि तिथंच त्या हरल्या. लग्नात आम्ही सगळे पोटभर जेवलो.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. दुसरं सासरी. मदतीला वहिनी आठ दिवस आधीच नांदेडला गेल्या होत्या. एका सकाळी तिसऱ्या तासाला त्यांचा फोन आला. "पोरीला लई रक्त गेलंय. निघा."

स्टँडवर लागलेली एसटी आम्ही पकडली. मी सोबत होतो. चाकूर मागे पडलं. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली, कंडक्टर चहाला उतरला. सर मांडीवर पिशवी घेऊन बसून राहिले. मला त्या कंडक्टरचा भयंकर राग आला. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती.

लोहा सोडल्यावर फोन वाजला. सरांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

"गेली," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं विचारलं, "अजून किती लागंल?"

"पाऊण तास."

त्या पाऊण तासात आम्हाला कसलीच घाई नव्हती. सर रडले नाहीत. मीही नाही. बाहेर सोयाबीनची रानं होती, ती बघत बसलो.

बाळ वाचलं. सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि नातवंडांपाशी राहायला दोघं नांदेडला गेले. नकाशावरचा दोरा अजून टाचणीला लोंबतोय. नव्या मॅडमनी विचारलं, हा कशाचा? मी म्हटलं, असू द्या.

परवा मी फोन केला. "सर, या की एकदा लातूरला."

"येतो की," ते म्हणाले. "पण साडेतीन तासांची वाट हाय."

इतकी वर्षं मी त्यांच्याकडून हेच कबूल करून घ्यायला भांडत होतो.