नवं नाव शेवटी

मयेकर सरांना उघडानागडा आकडा सहन होत नसे. पॉलिटेक्निकला ते आम्हाला सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायचे. कुणाच्या प्रोग्रॅममध्ये नुसताच दोन दिसला की मॉनिटरवर बोट ठेवून विचारत, "हा कोणाचा गो? ह्याला नाव नाय ठेवलंत?" मग एनम लिहायला लावत. एनम म्हणजे आपली नावांची यादी. पहिल्या नावाला संगणक शून्य धरतो, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आंब्याच्या पेट्यांचा. यादीत नावं दोनच, कैरी आणि तयार. परीक्षेच्या आदल्या दिवशी सर म्हणाले, "अगो, अढीत पिकायला घातलेला आंबा कुठे गेला? लांज्याची ना तू?" मी ओशाळून कैरी आणि तयारच्या मधे अढी घातली.

दुसऱ्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर प्रोग्रॅम चालवला. फाइलमध्ये नावांऐवजी जुने आकडे साठवलेले होते. तयारचा एक आता अढीचा झाला होता. पिकलेली एकूण एक पेटी पुन्हा अढीच्या गवतात जाऊन बसली. परीक्षकांनी पेन उचललं. नापास झालीस तर शिक्षण बंद, पुढच्या वर्षी लग्न, असं बाबांनी आधीच बजावलेलं.

सर उठले. "चूक माझी आहे. अढी घाल म्हटलं, कुठे घाल ते सांगितलं नाही. तिला दोन मिनिटं द्या." मग माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "नवं नाव शेवटी घालायचं, बाय. मधे घुसलं की मागच्यांची जागा हलते."

मी अढी शेवटी नेली. पेट्या जागेवर आल्या. आज पुण्यात नोकरी करतेय ती त्या दोन मिनिटांच्या जिवावर.

यंदा मे महिन्यात त्यांना भेटायला गेले. सर आता माणसं विसरतात. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, एक वही केली आहे. घरच्यांची नावं पहिल्या पानावर, मग येणाऱ्याजाणाऱ्यांची. सर ती रोज वाचतात.

"अहो, ओळखलंत काय हिला?"

सरांनी बराच वेळ पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली.

काकूंनी वही पुढे केली. पहिल्या पानावर काकूंच्या आणि मुलाच्या नावांमध्ये एक ओळ रिकामी होती. "इथेच लिही गो, रोज नजरेस पडशील."

मी पेन टेकवलं, तोच सरांचं बोट आडवं आलं. "मधे नको. शेवटी."

मी पानं उलटून सगळ्यांच्या खाली नाव लिहिलं. सरांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "पेट्या आल्या ना गो जागेवर?"

"आल्या, सर."