पाचवी सोंगटी

बाबांना झटका आला त्यात त्यांचा उजवा हात गेला. पाय महिन्याभरात काठीच्या आधाराने चालायला लागला, जीभही वळली, हात मात्र खांद्यापासून लटकला तो लटकलाच. भेटायला येणारे विचारायचे, आता जेवणार कसे, सही कशी करणार. बाबांना त्याचं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "डाव्याने स्ट्रायकर मारता येईल का गं?"

मोहने गावच्या कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली आणि त्या नोकरीतल्या सगळ्या संध्याकाळी कॉलनीच्या क्लबात, कॅरमच्या बोर्डावर. आई म्हणायची, हा माणूस घरी फक्त पावडर झटकायला येतो. त्यांचे कप अजून आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये कपाटावर आहेत. त्यांच्या कटचं लोक नाव काढायचे. स्ट्रायकर सोंगटीला नुसता चाटून जायचा आणि सोंगटी तिरकी पळत जाऊन गपकन जाळीत पडायची. कुणी हाताची तारीफ केली की बाबा म्हणायचे, "हात काय, सगळ्यांनाच असतो. नजर लागते."

मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, ठाण्याच्या एका ऑफिसात विम्याचे दावे तपासणारी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली तेव्हा मला रडू आलं होतं, इतकं बरं वाटलं. दोन वर्षांनी त्याच परवानगीचं नाव निघालं की डोक्यात तिडीक जायची. हॉलमध्ये बाबांची कॉट, कॉटच्या पायाशी माझं टेबल, टेबलासमोर ग्रिल लावलेली खिडकी, आणि त्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगची ग्रिल लावलेली खिडकी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबा खाली उतरायचे ते फक्त डॉक्टरकडे जायला. मी उतरायचे भाजीला आणि औषधांना, तेही फोन हातात धरून. सांगायला लाज वाटते, पण औषधाच्या दुकानात मी मागच्या माणसाला म्हणायचे, तुम्ही घ्या आधी, मला घाई नाही.

खरा बोर्ड एकदा मांडून बघितला. डाव्या हाताने स्ट्रायकर दोन वितीही जाईना. बाबांनीच तो परत कपाटामागे ठेवायला लावला. मग मला जुन्या सीड्यांच्या डब्यात कॅरमचा एक गेम सापडला, फार वर्षांपूर्वी ठाण्याला स्टेशनबाहेर घेतलेला. घरचा कॉम्प्युटरही तितकाच म्हातारा, त्यामुळे दोघांचं जमलं. डाव्या हातात माऊस धरायचा, स्ट्रायकर सरकवायचा, नेम धरायचा, बटण दाबून जोर ठरवायचा. नेम दाखवणारी एक रेघ त्यात होती, ती बाबांनी पहिल्याच दिवशी बंद करायला सांगितली. "रेघ बघून पोरं मारतात," म्हणाले.

आठवड्याभरात ते सोंगट्या घ्यायला लागले आणि एक दिवस चहा पिता पिता त्यांनी सौदा मांडला.

"मी लागोपाठ पाच घेतल्या की तू जा ऑफिसला. रोज जा."

"आणि तुम्ही?"

"पाच घेणारा माणूस घरात एकटा राहू शकतो. खालच्या काकू डबा देतील. किल्ली ठेव त्यांच्याकडे."

यात तर्क काय होता ते मला विचारू नका. डॉक्टर कधीच तारीख देत नव्हते, निदान बाबांनी आकडा तरी दिला. मी तो घट्ट धरला. सकाळी दहाला माझं काम सुरू व्हायचं, त्याआधी तासभर ते खेळायचे आणि मी मागे उभी राहून बघायचे. एक, दोन, तीन, चार. चारपर्यंत ते कितीतरी वेळा आले. पाचवी जाळीच्या तोंडाशी जाऊन अडायची, नाहीतर केसाएवढ्या फरकाने हुकायची. ते मान हलवायचे आणि मी म्हणायचे, होईल हो बाबा, आज ना उद्या होईल.

मग आमचा जुना मॉनिटर गेला. तो जवळजवळ चौरस होता, आधी त्यावर रेघा आल्या, नंतर अंधारच. मी ऑफिसला कळवलं आणि त्यांनी एक नवा पाठवला, चांगला लांबरुंद. माझी दोन-दोन कागदपत्रं त्यावर शेजारी शेजारी मावायला लागली. बाबांचा गेम लावला तर तो मधोमध उघडला आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

आमच्या घरात काळ्या पट्ट्या चालत नाहीत. हा बाबांचाच नियम. टीव्ही आणला त्या दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं की आख्खा पडदा घेतलाय तर आख्खा दिसला पाहिजे, आणि तेव्हापासून आमच्याकडे जुन्या सिनेमातल्या सगळ्या नायिका गुबगुबीत आहेत. डोळे सरावतात. तर मीही फार विचार न करता सेटिंगमध्ये गेले, चित्र पूर्ण पडदाभर करायचा पर्याय निवडला आणि पट्ट्या घालवून टाकल्या. बाबा काठी टेकत आले, खुर्चीत बसले, थोडा वेळ बघत राहिले.

"मैदानच झालं की," म्हणाले.

त्या दिवशी त्यांना एकच सोंगटी मिळाली. दुसऱ्या दिवशी दोन. मला वाटलं, नवं आहे, बसेल हात. पण आठवडे गेले, महिना उलटला, आकडा तिथेच. सरळ समोरची सोंगटी ते घ्यायचे, कट मात्र एकही लागेना. ज्या कटवर त्यांनी कप आणले तो कट. "बरोबर धरतो गं मी," ते म्हणायचे, "ही भलतीकडेच जाते." कधी म्हणायचे, "स्ट्रायकर आडवा मारला की पळतो, उभा मारला की रडतो." मी हं म्हणायचे. बाबांचा व्यायाम घ्यायला टिटवाळ्याहून एक मुलगी यायची, तिला विचारलं. ती म्हणाली, अशा आजारात कधी कधी अंतराचा अंदाज बिघडतो, डॉक्टरांना दाखवून घ्या. तिने 'कधी कधी' म्हटलं होतं. मी ते दोन शब्द ऐकलेच नाहीत.

मग बाबांनी खेळणं सोडलं. खेळ सोडला, पाठोपाठ व्यायाम सोडला. भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. आंघोळीला उठवायलाही दहा वेळा हाक मारावी लागायची. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसचं मेल आलं की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी हजर व्हायचं, ज्यांना जमणार नाही त्यांनी सोमवारपर्यंत तसं स्पष्ट कळवावं. मी ते वाचलं आणि समोरच्या खिडकीच्या ग्रिलकडे बघत बसले. या हॉलमध्ये मी पन्नास वर्षांची होणार, साठ वर्षांची होणार, असं मला अगदी लख्ख दिसलं.

त्या दुपारी जेवणावरून वाजलं. बाबा ताट बाजूला सारत म्हणाले, "चांगला मॉनिटर बिघडला, तेव्हापासून मेलं काही पडतच नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, "मॉनिटरला कशाला नावं ठेवता? नजर गेलीय तुमची. मान्य करा एकदा."

बाबांनी डाव्या हाताने ताट परत ओढलं आणि निमूटपणे सगळं जेवले. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मी त्यांची चादर बदलत होते. भिंतीकडे बघतच ते पुटपुटले, "आडवा पळतो. उभा रडतो." माझा संताप झाला. खरं सांगायचं तर त्यांना खोटं पाडायलाच मी कॉम्प्युटर लावला आणि पहिल्यांदा स्वतः खेळायला बसले. स्ट्रायकर आडवा मारला, मग त्याच जोराने उभा मारला. आडवा पळाला. उभा रडला. मी पुढे वाकून एका पांढऱ्या सोंगटीकडे बघितलं. ती गोल नव्हती. आडव्या ठेवलेल्या अंड्यासारखी होती.

मी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि पडद्यावरचा बोर्ड मोजला. उंची सव्वीस सेंटिमीटर. रुंदी पस्तीसला जेमतेम कमी. कॅरमचा बोर्ड चौरस असतो हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं. मी दोन महिने त्या ताणलेल्या बोर्डासमोर उभी राहून माझ्या बापाला होईल हो, होईल हो म्हणत होते.

सेटिंगमध्ये परत गेले. तिथे तीन पर्याय होते. एकात चित्र ताणून पडदाभर होत होतं, तो मी निवडलेला. दुसरा लावला तर बोर्ड पडद्याच्या मधोमध एवढासा, पोस्टाच्या तिकिटासारखा. तिसरा होता प्रमाण राखून मोठं करायचा. तो निवडला, पण चालू गेमला त्याचा पत्ताच नाही, बोर्ड आपला तसाच लोळलेला. गेम बंद करून पुन्हा लावला तेव्हा कुठे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधे बोर्ड उभा राहिला. मी पुन्हा पट्टी लावली. सव्वीस, सव्वीस. सोंगट्या गोल.

"बाबा, या जरा."

"नको."

"या म्हणते ना. बोर्ड लांबट झालेला. माझ्याच हातून. आता नीट केलाय."

कॉट वाजली. ते उठून बसले होते. "लांबट दिसत होता, तो तुलाही?"

"हो. मोजला मी आत्ता."

"मला वाटलं मलाच तसा दिसतोय," बाबा म्हणाले. "पहिल्या दिवसापासून दिसत होता. म्हटलं, आता डोळ्यांतपण शिरलं. तुला कशाला सांगा."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी खुर्ची ओढून दिली. ते बसले, काळ्या पट्ट्यांकडे एकदा तिरस्काराने बघून घेतलं आणि डावा हात माऊसवर ठेवला. पहिलाच कट. स्ट्रायकर सोंगटीला चाटून गेला आणि सोंगटी तिरकी पळत जाऊन कोपऱ्यात पडली. ते हसले नाहीत, पण पाठ ताठ झाली. दुसरी, कट. तिसरी समोरच्या कडेवर आपटून परत येऊन. चौथीचा कोन तर असा होता की मी हातातली पट्टी घट्ट धरून उभी होते. तीही पडली.

पाचवी सोंगटी जाळीच्या तोंडाशी होती. स्ट्रायकर, सोंगटी आणि जाळी एका रेषेत, मधे काही नाही. माझ्यासारख्या अडाण्यानेही घेतली असती. बाबा नेम धरून बसले. मी मनात ऑफिसच्या पहिल्या दिवसाचा डबा भरायला घेतला होता. खालच्या काकूंना किल्ली द्यायची, केस कापून घ्यायचे, ठाण्याला उतरून सरळ ऑफिसला न जाता आधी कुठेतरी एकटीने चहा प्यायचा. बाबांनी बराच वेळ लावला. मग बटण सोडलं आणि स्ट्रायकर सोंगटीच्या दोन बोटं बाजूने निघून गेला.

सरळ शॉट होता. ताणलेल्या पडद्यावर, आपले डोळे गेले असं धरून खेळतानाही, दोन महिन्यांत या माणसाचा एकही सरळ शॉट चुकला नव्हता. मला जुन्या मॉनिटरवरच्या त्या सगळ्या चार-चारच्या सकाळी आठवल्या. प्रत्येक पाचवी आठवली. केवढा राग आला मला. तुम्ही मुद्दाम चुकवलंत, हे वाक्य अगदी ओठांवर आलं.

"गेली बघ," बाबा पडद्याकडे बघत म्हणाले. "तू म्हणालीस तेच खरं. नजर गेली माझी."

त्यांचा डावा हात माऊसवरून उठला आणि माझ्या मनगटावर आला. ते माझ्याकडे बघत नव्हते. पकड इतकी घट्ट होती की माझ्या बांगडीचा वळ उठला. त्यांनी तो सोडला नाही, मीही सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातातली पट्टी टेबलावर ठेवली, त्याच हाताने माऊस घेतला आणि सोंगट्या पुन्हा मांडल्या.