कर्णेवालीचा खटला

कर्णेवाली गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज शिरायचा. कर्ण्यातला नव्हे, तिचा स्वतःचा. तरुणपणी ती यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला होती. तिथे शेजारच्या बाईला ‘कात्री दे’ म्हणायचं तरी घशाच्या शिरा ताणाव्या लागत. पुढे शेड बंद पडली, माग भंगारात गेले आणि हिच्याकडे कमाई म्हणून उरला तो फक्त आवाज. नवऱ्याची तीनचाकी मालवाहू रिक्षा होती. तिच्या टपावर हिने जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी कर्णा बांधला, सीटखाली बॅटरी बसवली, माईकला हातरुमाल गुंडाळला आणि गावभर पुकारा करायचा धंदा सुरू केला.

सर्कस आली, चपलांचा सेल लागला, उद्या नळाला पाणी नाही, निळ्या सदऱ्यातलं पोर हरवलंय: सगळं कर्णेवालीच्या तोंडून गावाला कळायचं. हरवलेली पोरं तर तिचा आवाज ऐकून आपणच रिक्षामागे पळत यायची. सासूबाई म्हणायच्या, “हिच्या हातात माईक म्हणजे पुराच्या पाण्याला वर पंप लावण्यातला प्रकार.” नवरा रिक्षा हाकायचा आणि गप्प असायचा. त्याला कुणी विचारलं, तुम्ही का नाही हो बोलत? तर म्हणायचा, “घरात एक बोलणारं पुरे. ऐकायलाही कुणी हवं ना.”

गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवण्याचे कारखाने होते. एका वर्षी नळाला रंगीत पाणी यायला लागलं. कधी जांभळट, कधी हिरवट. मागवाल्या वस्तीतल्या बायांनी ठरवलं, मैदानात सभा घ्यायची आणि नगरपालिकेच्या साहेबांना जाब विचारायचा. पुकारा अर्थातच कर्णेवालीकडे आला. तिने तो आपलेपणाने घेतला, आणि मजकूरही स्वतःच जुळवला.

“ताईंनो, दादांनो! आज तुमच्या नळाला कुठला रंग आला? आमच्याकडे जांभळा आला! रविवारी मैदानात या आणि आपापला रंग बाटलीत भरून आणा!”

गाव खो खो हसलं. हसला नाही तो कारखानदार, आणि त्याच्याबरोबर उठबस असलेला साहेब. दोन दिवसांतच शिपाई आणि हवालदार दारात उभे राहिले. पुकाऱ्याचा परवाना रद्द. यापुढे गावात सरकारी सूचनेखेरीज कसलाही पुकारा नाही. कारण काय, तर सार्वजनिक शांततेला धोका.

“कुणी सांगितलं?” कर्णेवालीने विचारलं.

“वरून आदेश आहे,” शिपाई म्हणाला.

“वर तर माझी नणंद राहते. ती असलं काही सांगायची नाही.”

हवालदाराला हसू आवरेना, पण कर्णा त्याने सोडवून नेलाच. रविवारी मैदानात मोजकी माणसं जमली. साहेब फिरकलेच नाहीत.

दुसरी एखादी असती तर अळीमिळी गुपचिळी करून घरी बसली असती. कर्णेवाली सरळ घड्याळदुरुस्तीच्या दुकानावरच्या वकीलबाईंकडे गेली. खोली लहान, खुर्ची एकच, ती वकीलबाईंनी तिला दिली आणि स्वतः खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या.

“बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेनं दिलंय,” त्या म्हणाल्या. “एकोणिसावं कलम. पण त्याच कलमात मर्यादाही घातलीय. सरकारला बोलणं अडवता येतं. मात्र घटनेत जी कारणं दिलीत तेवढ्यांसाठीच, कायद्याचा आधार घेऊन, आणि वाजवी असेल तेवढंच. साहेबांना राग आला, हे कारण त्यात कुठंच नाही.”

“मग आपण जिंकलोच की!”

“हळू बोला, खालच्याच्या हातातलं घड्याळ पडेल. जिंकू असं वाटतंय. पण तुम्हाला बोलायचंय ही एक गोष्ट, आणि कर्ण्यातूनच बोलायचंय ही दुसरी. दोन्हींत कोर्ट फरक करतं.”

दुसरी गोष्ट कर्णेवालीने कानाआड केली. ताठ मानेने घरी आली आणि जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं, की आता थेट उच्च न्यायालयात जायचं.

वरच्या मजल्यावर राहणारी नणंद सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. लग्न केलं नव्हतं, मोजकं बोलायची. ताटावरून हात न उचलता ती म्हणाली, “वहिनी, त्यांनी तुमचं तोंड बंद केलं ते चूकच. पण कोर्टात मीही येणार आहे. आम्हा परिचारिकांचंही म्हणणं आहे.”

“माझ्या बाजूनं ना, वन्सं?”

“निम्मं तुमच्या बाजूनं.”

घास हातातच राहिला. कर्णेवाली म्हणाली, “म्हणजे घरचेच लोक आता उलटले म्हणायचं!”

“उद्या दुपारी रुग्णालयात या,” नणंद म्हणाली, “आणि मग काय म्हणायचं ते म्हणा.”

रुसली होती तरी कर्णेवाली गेली. नणंदेने तिला व्हरांड्याच्या टोकाच्या एका खोलीपाशी नेलं, चपला बाहेर काढायला लावल्या आणि दार हलकेच ढकललं. आत अंधार. खिडकीला घोंगडी लावलेली. परिचारिका अनवाणी वावरत होत्या, आणि औषधाची वाटीसुद्धा फडक्याच्या घडीवर ठेवत होत्या. खाटेवर एक सुतार पडला होता. पायात खिळा घुसून त्याला धनुर्वात झाला होता.

नीट बघायला म्हणून कर्णेवाली पुढे वाकली आणि कमरेच्या किल्ल्या किणकिणल्या. एवढ्याशा आवाजाने त्या माणसाची पाठ खाटेवरून उचलली गेली. धनुष्यासारखी ताणली गेली. दातखीळ बसलेली, त्यामुळे तोंडातून ओरडणंही फुटेना. नणंद धावली, त्याचं डोकं धरून बसली. कर्णेवालीने किल्ल्या मुठीत आवळल्या आणि श्वास रोखून भिंतीला टेकली.

बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, “तुम्ही बाटल्यांचा पुकारा करत इथून गेलात, त्या सकाळी तो असाच तीन वेळा ताणला गेला. तिसऱ्या वेळी मला वाटलं, संपलं सगळं.”

कर्णेवाली व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आपला आवाज भिंतीतून आरपार जातो याचा तिला आयुष्यभर अभिमान होता. त्या भिंतीपलीकडे कोण असेल, याचा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. मुठीतल्या किल्ल्या तिने पदराच्या टोकात घट्ट बांधल्या. मग तिने विचारलं, “वन्सं, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“तुमच्या मध्ये बोलायला जागा मिळाली तर ना!”

यावर दोघींनाही हसू आलं, पण ते त्यांनी पदराआड दाबलं.

तिथून कर्णेवाली वकीलबाईंकडे गेली. “नणंदेच्या म्हणण्याला विरोध करायचा नाही,” तिने बजावलं. “पण साहेबाला सोडायचं नाही. त्यानं माझा कर्णा आजाऱ्यांसाठी थोडाच काढला? त्याला आजारी दिसले नाहीत, जांभळ्या बाटल्या दिसल्या.”

“हेच कोर्टात सांगायचंय,” वकीलबाई म्हणाल्या.

सुनावणीच्या दिवशी तिघं एकाच बसने मोठ्या शहरात गेली. बाकावर नवरा मधे, एका अंगाला बायको, दुसऱ्या अंगाला बहीण. इकडे आड तिकडे विहीर असल्यासारखा तो आखडून बसला होता. दोघींना मात्र त्याच्या डोक्यावरून शेंगा खाताना काही अडचण वाटत नव्हती.

न्यायदालन उंच छताचं, पंखे लांब दांड्यांचे. दोन न्यायमूर्ती होते. सरकारी वकील म्हणाले, पाण्यावरून लोक भडकले असते, सुव्यवस्था बिघडली असती.

थोरल्या न्यायमूर्तींनी विचारलं, “दगड पडला का एखादा?”

“नाही, पण शक्यता होती.”

“कुणाला मारा, काही जाळा, असं या बाई म्हणाल्या?”

“नाही. बाटल्या आणा म्हणाल्या.”

“पाण्यानं भरलेल्या?”

“हो.”

“नगरपालिकेनंच सोडलेल्या पाण्यानं,” न्यायमूर्ती म्हणाले, आणि दालनात खसखस पिकली. “लोक नाराज होणं आणि सुव्यवस्था बिघडणं यांत फार अंतर आहे. ते अंतर तुम्ही कसं कापलंत ते सांगा.”

मग परिचारिकांचं म्हणणं वाचलं गेलं. न्यायमूर्तींनी नणंदेला उभं करून विचारलं, “तुम्हाला पुकाऱ्यावर बंदी हवी आहे का?”

“नाही साहेब. पाणी तर आम्हालाही तेच येतं. आम्हाला फक्त रुग्णालयाच्या अवतीभोवती शांतता हवी.”

“आणि तुमचं काय म्हणणं?” त्यांनी कर्णेवालीकडे बघितलं.

कर्णेवाली उभी राहिली तशा वकीलबाई तिचा पदर ओढायला पुढे झाल्या. पण ती इतकं हळू बोलली, की कारकुनाला मान पुढे काढावी लागली.

“वन्सं म्हणतात ते खरं आहे. तो माणूस मी पाहिलाय. तिथं मी बोलणार नाही. बाकी गावात बोलीन, आणि पाण्याबद्दलच बोलीन.”

निकाल त्याच महिन्यात आला. सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. कर्णा परत द्यायचा. मजकूर आवडला नाही म्हणून परवानगी नाकारायची नाही, आणि नाकारलीच तर कायद्यात बसणारं कारण लेखी द्यायचं. पण आवाजाची पातळी आणि वेळा पाळायच्या, आणि रुग्णालयाच्या आसपास कर्णा लावायचाच नाही. बोलायचा अधिकार प्रत्येकाला आहे, दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवायचा नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं होतं. खाटेवरून उठून जाता येत नाही त्याला तर नाहीच, कारण एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या अधिकारात शांतताही आली.

“म्हणजे जिंकलं कोण?” सासूबाईंनी विचारलं.

“दोघी,” नवरा म्हणाला. “हरला तो साहेब.”

सभा पुन्हा ठरली. कर्णेवाली गावभर ओरडली. रुग्णालयाचा रस्ता आला की नवरा रिक्षा बंद करून ढकलत न्यायचा, आणि ती पायी दारोदार जाऊन सांगायची. मैदान भरलं. बाटल्यांची रांग मंचावर मांडली, एकीसारखा दुसरीचा रंग नाही. साहेबांना यावं लागलं. नगरपालिकेने कारखान्यांना वेगळी गटारं बांधायला लावली, तरी त्यांनी ते काम रेंगाळत ठेवलं, आणि त्यासाठी वस्तीला आणखी दोन सभा घ्याव्या लागल्या. पण पाणी स्वच्छ झालं. सुतारही बरा झाला. जबडा जरा आखडलेला राहिला खरा, तरी तो काम करू लागला.

पुढे एक दूधवाला मजकूर घेऊन आला: समोरचा दुकानदार दुधात भेसळ करतो, हे गावभर पुकारायचं.

“पुरावा?” कर्णेवालीने विचारलं.

“पुरावा कशाला हवा? तुम्हाला तर कोर्टानं बोलायचा हक्क दिलाय!”

“दिला नाही, होताच. पण दुसऱ्याची अब्रू घ्यायचा हक्क त्यात नाही हो दादा. तुमच्या दुधाबद्दल चांगलं सांगायचं असेल तर बसा, मजकूर जुळवते.”

दूधवाला जरा घुटमळला आणि मग खुर्ची ओढून बसला. तिने माईकवरचा मळका रुमाल काढला, धुवायला टाकला, नवा गुंडाळला आणि विचारलं, “बोला. गाई किती, आणि चारा कुठला घालता?”