कॉरिडॉर कुणाचा

हॉस्पिटलात त्याला सगळे चौरसफुटे म्हणत. नव्या नर्सला ते आडनावच वाटलं. तिने एकदा फोनवर "चौरसफुटेसाहेब आहेत का?" असं विचारलं, तर तो "बोलतोय" म्हणाला. दुरुस्त करत बसला नाही.

काम त्याचं कॉस्टिंगचं. एखादं ऑपरेशन हॉस्पिटलला केवढ्याला पडतं, एक खाट दिवसाला किती खाते, हे काढायचं. औषधं, सुया, डॉक्टरांची फी हे सोपं. ते ज्याचं त्याच्या नावावर पडतं. अवघड असतं ते कुणाचंच नसलेलं. जिन्यातला दिवा, लिफ्ट, फरशी पुसणारी बाई, गेटवरचा वॉचमन. हा खर्च सगळ्या विभागांवर वाटावा लागतो, आणि कशाच्या हिशेबाने वाटायचा हे तो एकटा ठरवायचा. तो जागेवरून वाटायचा. ज्याची जागा मोठी, त्याच्यावर बोजा मोठा. टेप घेऊन तो आत शिरला की कॅन्टीनवाला ओरडायचा, "पोटं आत घ्या रे, साहेब मापाला आलेत!" मग तोही हसायचा. हसणाऱ्यांत आपण असलो की कुणी आपल्याला हसतंय असं वाटत नाही, हे तो फार लवकर शिकला होता.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता. थोरल्या भावाच्या बायकोने त्याला वाढवलं. पुढे भाऊही गेला, आणि वहिनी त्याच्याकडेच राहिल्या. त्यांना झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली, तेव्हा त्याने शब्द टाकून त्यांना आपल्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपीला लावलं. जेवणाच्या सुट्टीत तो खाली जाऊन बघत उभा राहायचा. फिजिओचा हॉल लांबरुंद होता; माणसाला पुन्हा चालायला शिकवायचं तर जागा लागतेच. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला स्टीलचा दांडा होता. वहिनी उजव्या हाताने तो धरून निघायच्या. डावा पाय मागून फरफटत यायचा, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. फिजिओबाई शेजारून चालत.

"टाच आधी, आजी, टाच! पाय काय उसना आणलाय?"

"उसनाच आहे गं. म्हणून तर जपून टाकतेय."

वहिनी दांड्याच्या टोकापर्यंत पोचल्या त्या दुपारी तो त्यांचं एकेक पाऊल डोळ्यांत साठवत होता. आणि त्याच क्षणी, त्याच डोळ्यांनी, त्याला दिसलं की हा कॉरिडॉर फिजिओथेरपी वापरतेय. कागदोपत्री तो कुणाच्याच नावावर नव्हता. वर जाऊन त्याने तो फिजिओच्या नावावर टाकला. एक राहून गेलेली गोष्ट सापडल्याचं समाधान त्याला दिवसभर पुरलं.

वर्षअखेरच्या बैठकीत फिजिओथेरपी तोट्यात निघाली. आजवर ती कशीबशी काठावर असायची. विभाग बंद करायचा, त्या जागी तपासणीचं मशीन बसवायचं, असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यानेही.

दुसऱ्या दिवशी तो खाली गेला तेव्हा वहिनी भिंतीला चिकटून उभ्या होत्या. एक स्ट्रेचर जात होतं. त्यामागून कॅन्टीनची ट्रॉली, मग डबे घेतलेले नातेवाईक, मग बादली ढकलत सफाईवाली. सगळं हॉस्पिटल त्या कॉरिडॉरमधून जात होतं. रोजच जात असणार. त्याने फक्त वहिनींची पावलं पाहिली होती.

तो तसाच डायरेक्टरांच्या खोलीत गेला.

"साहेब, माझ्या वाटपात चूक झालीय. तो कॉरिडॉर सगळ्यांचा आहे. सगळ्यांवर थोडा थोडा टाकला, तर फिजिओ तोट्यात जात नाही."

"मग टाका की थोडा थोडा. हॉल मात्र जाणार. मशीन मागवून झालंय."

"पण साहेब, तोटाच नसेल तर..."

"अहो चौरसफुटे," डायरेक्टर हसले. तोंडावर हे नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं. "चूक झाली असेल तर तसं लेखी द्या. मी पुन्हा बैठक बोलावतो. सगळीच वाटपं नव्याने तपासून घेऊ. चालेल?"

सगळीच वाटपं. त्याची इतक्या वर्षांची नोकरी म्हणजे तीच तर होती.

"बघतो," असं म्हणून तो बाहेर आला. लेखी काही दिलं नाही.

शेवटच्या दिवशी वहिनी फिजिओबाईंना धीर देत होत्या. "अगं, अशी तोंड पाडून काय बसलीस? आमचे भाऊजी वर साहेब आहेत. ते सांगतील. सांगाल ना हो भाऊजी?"

फिजिओबाई वाळूच्या पिशव्या खोक्यात भरत होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं. आकडा कुठून आला हे आता कॅन्टीनवाल्यालाही माहीत होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आजी, आज भाऊजींचा हात धरा. दांडा काढायला माणसं आलीत."

वहिनींनी त्याचा हात धरला. दोघं कॉरिडॉरमध्ये निघाली. टाच आधी, मग पाऊल. पुढचा दांडा आधीच निघाला होता; मागच्यावर ड्रिल सुरू झालं. निम्म्यावर आल्यावर तो म्हणाला, "वहिनी, हे माझ्यामुळे झालं."

"काय?"

"हॉल बंद होतोय ते. तुम्हाला इथे चालताना पाहिलं आणि ही सगळी जागा मी फिजिओच्या नावावर मांडली. म्हणून तोटा दिसला."

"मी चालले म्हणून?"

"नाही. मी चुकीचं मांडलं म्हणून. नंतर कळलं मला."

"मग सांगितलंत का वर?"

"सांगितलं. पण लिहून द्या म्हणाले, तेव्हा दिलं नाही."

"का हो?"

त्याने पुढचं पाऊल टाकलं. वहिनी थांबल्या. त्यांची बोटं त्याच्या मनगटावर एकदम सैल झाली. त्यांना हात काढून घ्यायचा होता, हे त्याला स्पष्ट कळलं. पण शेजारच्या भिंतीवर आता धरण्यासारखं काही उरलं नव्हतं. वहिनींचा तोल गेला, आणि त्यांनी तोच हात पुन्हा घट्ट धरला.

"चला," त्या समोर बघत म्हणाल्या.