इरप्पाच्या जीपचा कायापालट

कमलनगरच्या स्टँडवरून इरप्पाची जीप निघाली की हॉटेलवाला आधी भज्यांवर फडकं टाकायचा. धूरच तेवढा! पण गाडी मोठी इमानी. आत समोरासमोर दोन लांब बाक, टपावर लोखंडी जाळी, मागं लोंबकळायला फळी. माणसं, कोंबड्या, तुरीची पोती, सासरी चाललेली रडकी पोरगी, सगळं मावायचं. डायवरच्या उजव्या अंगालाही एक गिऱ्हाईक हवंच. ती जागा चनमल्लप्पा मामांची ठरलेली. त्यामुळं इरप्पा उभ्या जन्मात सरळ बसून गाडी चालवायला शिकलाच नाही. बापानं मेंढरं विकून घेतलेली गाडी, आन् घरातली चूल तिच्यावरच पेटायची.

माणूस गुणाचा, पण घरावर डिशची छत्री बसली आन् याचं डोकं फिरलं. रोज संध्याकाळी एक गोरा दाढीवाला गंजकी मोटार उचलून आणायचा, सात दिवसांत तिला नवरीसारखी सजवायचा, आन् मालक गळ्यात पडून रडायचा. इरप्पा जेवणाचं ताट तसंच ठेवून बघत बसायचा.

"सात दिवसांत कुठं असलं हुतंय का?" बायको पद्माबाई म्हणायची. "आपला अमृतप्पा वेल्डर एक दरवाजा जोडायला पंधरवडा लावतोय."

"तुला काय कळतंय? टीव्हीवाले कामून खोटं दाखवतील?"

पुढं तसलाच एक देशी कार्यक्रम मुंबईहून बीदरला आला आन् त्यांना एक खटारा हवा होता. इरप्पा पहिला पोचला! त्यानं हात जोडून एकच मागणं केलं, "साहेब, रंग नसला तरी चालतंय, इंजिन तेवढं बनवा." हेडफोनवाली बाई म्हणाली, "दादा, टोटल कायापालट करू!" झालं, गडी हरखला. टोटल म्हणजे काय काय, हे तिला विचारावं, असं त्याच्या मनातही आलं नाही.

जीप मैलूरला एका पत्र्याच्या शेडात गेली. सात दिवस कसले, लगीनसराई आली आन् निघून गेली. स्टँडवरच्या दुसऱ्या, गुरुलिंगच्या जीपला पाय ठेवायला जागा नव्हती आन् इरप्पा घरी कोंबड्या हाकत होता. पद्माबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागली. संध्याकाळी मजुरीचे पैसे ती इरप्पाच्या पुढ्यात ठेवायची, आन् तेच त्याला जास्त लागायचं.

एकदा त्याला शूटिंगला बोलावलं. कार्यक्रमाचा उस्ताद रॉनी म्हणून कुणीतरी होता, दंडावर नाग गोंदलेला. मेकअपवाली पोरगी ब्रशानं त्याच्या हाताला काळं ग्रीस लावत होती, कपाळावर एक पट्टा, गालावर एक ठिपका. आन् इरप्पाला काय सांगितलं? "दादा, तुमचे हात जरा साबणानं धुऊन या, फ्रेममध्ये घाण दिसतायत." आता बोला! एका दुपारी रॉनीनं सात शर्ट बदलले, सातही वेळा पाना उलटा धरला, आन् सात दिवस संपले. खरं काम मैलूरची दोन पोरं कोपऱ्यात करत होती, त्यांच्याकडं कॅमेऱ्याची पाठ. वरून कीर्तन, आतून तमाशा! इरप्पानं ते डोळ्यांनी बघितलं, तरी मनाला समजावलं, की असंल बाबा, मोठ्या लोकांची पद्धत.

मग तो दिवस आला. लाल कापडाखाली जीप, रॉनी ओरडतोय, "वन, टू, थ्री!" इरप्पानं कापड ओढलं.

लालभडक रंग, चकाकणारे बंपर, चार मऊ सीटा. बाक नाहीत. टपावर जाळी नाही, मागची फळीबी नाही. कातरलेल्या मेंढीसारखी जीप उभी होती.

"माझे बाक कुठं हाईत?" इरप्पानं विचारलं.

"कट! दादा, आनंद! आनंद दाखवा!"

"अवो ताई, चार माणसात डिझेलबी निघत न्हाई! बाक द्या माझे!"

बाक भंगारात कधीच गेले होते. त्यानं धावत जाऊन बोनेट उघडलं. इंजिन तेच, वरून चंदेरी रंग मारलेला. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! चावी फिरवली, तर खोकलंसुद्धा नाही. "काळजी नको," बाई म्हणाली, "आवाज आपण नंतर टाकतो." चार-पाच जणांनी मागून ढकललं, जीप उतारावरून घरंगळली आन् रॉनीनं टाळ्या वाजवल्या.

इरप्पा तिथंच मातीत बसला. बापाची मेंढरं आठवली, पद्माबाईचं खुरपं आठवलं, आन् एवढा थोरला गडी हुंदके देऊन रडला.

"परफेक्ट!" बाई ओरडली. "कुणी हलू नका!"

गाडी टेम्पोला बांधून कमलनगरला आणली. अमृतप्पाकडं बाक बनवायला टाकली, तर तो म्हणाला, पंधरवडा लागंल. तेवढ्यात कार्यक्रम टीव्हीवर लागला. अख्ख्या गावानं बघितला. इंजिनाची गर्जना, धुळीतून धावणारी जीप, आन् शेवटी हुंदके देणारा इरप्पा. वर जाड आवाज, "स्वप्न खरं झालं, आणि इरप्पांना आनंदाश्रू आवरेनात!"

दुसऱ्या दिवशी लोक अमृतप्पाच्या दारात आले, जीपला टेकून फोटो काढले, आन् गुरुलिंगच्या जीपमध्ये जाऊन बसले. इरप्पालाही बाजार घेऊन गावाकडं घरी जायचं होतं. आत जागा नव्हती, तो मागच्या फळीवर चढला आन् एका हातानं दांडा धरून लोंबकळला.

डायवरच्या उजव्या अंगाला बसलेल्या चनमल्लप्पा मामांनी मान वळवली. "इरप्पा, काल बघितलं रं तुला! किती आनंद झाला तुला! ल्हान लेकरावानी रडलास की!"

"मामा, आनंदानं न्हाई वो! पोटावर पाय आला म्हणून रडलो. सगळं खोटं हाय ते!"

गाडीतली सगळी माणसं हसली. मामांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं.

"चल रं, कायबी बोलतोस," ते म्हणाले. "टीव्हीवाले कामून खोटं दाखवतील?"