पडद्याची फट

आमच्याकडे बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. कानाला फडकं, अंगावर घोंगडी, खाटेखाली शेगडी आणि खिडकीच्या भेगांत कोंबलेल्या चिंध्या. बाळंतपणापेक्षा हा बंदोबस्तच जीव काढतो, पण पहिलटकरणीला विचारतं कोण? मी धामणगाव बढ्याला माहेरी बाळंत झाले आणि सव्वा महिना निमूट घाम गाळत पडून राहिले. मुलगा चांगला गुटगुटीत होता. तो रडायला लागला की शेजारच्या आळीतल्या बायका काय झालं म्हणून विचारायला यायच्या.

त्याच्या वडिलांनी त्याला अजून पाहिलं नव्हतं. ते बुलढाण्याला कचेरीत कारकून होते आणि रजा मिळत नव्हती. म्हणून माझी आत्या आम्हाला पोचवायला निघाली. मोताळ्यापर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार.

ते लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, म्हणून मोटारी कोळशावर चालायच्या. मागच्या बाजूला माणसाएवढी लोखंडी भट्टी बसवलेली असे. तिच्यात कोळसा धुमसायचा आणि त्याचा वायू नळीतून इंजिनाला जायचा. सगळाच इंजिनाला जायचा असं मात्र नाही. ड्रायव्हर नळीच्या सांध्यांना ओली माती लिंपत होता, आणि ती वाळून तडकली की पुन्हा लिंपत होता.

मोटारीला काचा नव्हत्या, दोन्ही अंगांना ताडपत्रीचे पडदे होते. आत्यानं चढताच मागचं बाक धरलं, तिथले पडदे खाली सोडले आणि बंद आवळून टाकले.

"पडदे वर राहू द्या, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "भट्टीचा धूर अंदर कोंडते. अन् समोर बसा, मांगं नोका बसू."

"काऊन? बाळंतीण हाय संगं. वारं लागन तिले. मांगं भट्टीची ऊब तरी भेटते."

बाळंतपणाच्या गोष्टीत कोणता पुरुष तोंड घालणार? तो डोकं खाजवत पुढे गेला. आत्याला आयतीच शेगडी मिळाली होती, ती खुशीत होती.

थोड्या वेळानं माझं डोकं ठणकायला लागलं. धूर म्हणावा तर डोळ्यांना दिसत नव्हता.

"आत्या, मले मळमळून राह्यलं. पडदा उघड ना जरासा."

"मोटार लागली तुले. डोये मिटून घे."

तिनं मान वळवली तशी मी बोटानं पडदा सारला आणि बाळाचं तोंड त्या फटीपाशी नेलं. वारा आत आला. इतकं गोड मला आयुष्यात दुसरं काही लागलं नाही. आत्यानं हातावर चापटी मारली आणि पडद्याचं टोक बाकाखाली खोचलं. मायेनंच खोचलं, हे सांगायला हवं.

राजूर घाटात मोटारीचा दम संपला. कोळशावर चढ निघत नसे, म्हणून पायथ्याशी पुरुष उतरत आणि चालत वर जात. पुढच्या बाकांवरचे पुरुष विड्या ओढत, थट्टा करत निघाले. बाळंतिणीला कोण उतरवणार? मोटार रखडत, मध्येच थांबत, कोळसा ढवळून घेत चढत राहिली. आत्यानं बाकाच्या पाठीवर मान टाकली. मला वाटलं, दमली बिचारी, झोपली. मला खाली उतरायचं होतं, पण जीभ हलेना, आणि तो खोचलेला पडदा ओढायला हातात बळच उरलं नव्हतं. मांडीवर बाळ गप्प होतं. तेवढंच बरं, असं तेव्हा माझ्या मनात आलं. ते मला अजून विसरता येत नाही.

घाटमाथ्यावर ड्रायव्हरनं पडदा उचलला आणि तो ओरडलाच. आम्हाला रस्त्याच्या कडेला गवतावर निजवलं. आत्याला उलट्या झाल्या, वाऱ्यानं मला शुद्ध आली. बाळाचे गाल गुलाबी होते, इतके गुलाबी कधीच नव्हते. एक म्हातारा प्रवासी म्हणाला, "झोपलं हो लेकरू. उठवू नोका."

ते उठलं नाही. त्याच्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मोटारअड्ड्यावर, तसं.

मग घरात बायका जमल्या. आत्या ऊर बडवत सांगत होती, "मी घडीभर मान वळवली, अन् इनं पडदा उघडला वं!" सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या फटीतून वारं लागलं, असं ठरून गेलं. मला डोकं दुखल्याचं तेवढं ठाऊक होतं. कोळशाचा वायू माणसाला कसा गिळतो आणि गाल का गुलाबी करतो, हे एका डॉक्टरांनी मला फार उशिरा समजावलं. तोवर आत्या वारली होती.

ड्रायव्हरला मात्र तेव्हाच कळलं असावं. त्यानं भट्टीजवळचं बाक काढून टाकलं. पडदे गुंडाळल्याशिवाय तो मोटार हलवीना, आणि कोळसा ढवळायला थांबला की आतल्या सगळ्यांना, बायकांनासुद्धा, खाली उतरवी. लोक त्याला मुजोर म्हणायला लागले.

दोन वर्षांनी, दुसऱ्या खेपेला मला मुलगी झाली; मोटारी अजून कोळशावरच होत्या. पोचवायला पुन्हा आत्याच आली. तिच्या काखेत नवी, जाड घोंगडी होती, पडद्याच्या फटी बुजवायला आणलेली. मला तो बाकाखाली खोचलेला पडदा आठवला.

"मोटार कोनाची हाय, आत्या?" मी विचारलं. "त्याच ड्रायव्हरची ना?"

"त्याची काऊन?" आत्यानं मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "तो मुजोर पडदे लावू देत नाही. म्या दुसरी पाह्यली."