डॉक्टर मंदाकिनी, शिक्षण बारावी

मानद म्हणजे काय, ते मला विचारा. माझी बायको मंदाकिनी एकवीस वर्षं एका सरकारी कॉलेजात मानद शिक्षिका आहे. म्हणजे आठवड्यातून एकदा कसब्यातून चालत जायचं, मोडी लिपी शिकवायची आणि खुर्च्या कमी पडल्या तर स्वतः उभं राहायचं. जुनी खरेदीखतं, वतनाचे कागद घेऊन कात्रजपासून लोक तिच्याकडे येतात. कुणाला एक अक्षर लागत नाही ते ती घडाघडा वाचून दाखवते. शिक्षण म्हणाल तर बारावी. मोडी तिला वडिलांनी शिकवली. त्याचं सर्टिफिकेट कोण देणार?

यंदा त्या कॉलेजला मानद पदव्या द्यायची परवानगी मिळाली. पहिलीच डॉक्टरेट मंदाकिनीला जाहीर झाली. पेपरात फोटो आला. पेढे मीच आणले, खोटं कशाला बोलू.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र. शिकवणाऱ्याकडे यापुढे पदव्युत्तर पदवी हवी, सबब मोडीचा वर्ग महिनाअखेर बंद.

मी तडक कॉलेजात गेलो. म्हटलं, "अहो, तुम्हीच तिला डॉक्टर करताय ना?"

ऑफिसातल्या पूर्णिमा मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, ती पदवी मानद आहे. अर्हतेत धरत नाहीत."

"मग कशात धरतात?"

"सन्मानात."

डोकंच फिरलं माझं. घरी येऊन मी तासभर बडबडत होतो. मंदाकिनी एवढंच म्हणाली, "अकरा जण आहेत हो वर्गात. जोडाक्षरं अजून व्हायची आहेत त्यांची." जेवलीसुद्धा नाही नीट.

समारंभाला चार दिवस उरले तेव्हा पूर्णिमा मॅडम स्वतः घरी आल्या. हातात पदवीपत्राचा नमुना. प्राचार्यांना हौस आली होती, मजकूर मोडीत छापायचा. कॉम्प्युटरवर काढला खरा, पण तो बरोबर आहे का, हे अख्ख्या कॉलेजात कुणाला सांगता येईना.

"काकू, तेवढं तपासून द्या ना. आमच्याकडे दुसरं कोणी नाही."

मंदाकिनीने कागद वाचला आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग पेन घेऊन समासात लिहिलं. मुद्दाम देवनागरीत, त्यांना वाचता यावं म्हणून: "मजकुरात चुका आहेत. अर्हताप्राप्त व्यक्तीकडून तपासून घ्यावा."

मॅडमचा चेहरा उतरला. "काकू, असं काय करता? शनिवारी अकराला समारंभ आहे. पाहुणे येणार आहेत."

"शनिवारी अकराला मला जमणार नाही," मंदाकिनी म्हणाली. "माझा शेवटचा वर्ग आहे."